गॅलरी आणि गच्चीवरील पारदर्शक छताची गळती: कमी खर्चातील दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत सदनिकेला लागून असलेली मोकळी गच्ची, मोठी गॅलरी किंवा सिडकोच्या रो-हाउसचे मागचे अंगण पॉलिकार्बोनेट (पारदर्शक, कडक प्लास्टिकची शीट), काच अथवा पत्र्याने झाकून तेथे बैठक, अभ्यासाची जागा किंवा झाडांची खोली केलेली अनेक घरांत दिसते. पहिले एक-दोन पावसाळे असे छत निमूट उभे राहते आणि पुढे गळू लागते. त्याविषयी वाचक पुन्हा पुन्हा विचारत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काँक्रीटच्या स्लॅबची गळती हा वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

१. छत गळते आहे, पण पाणी नेमके कोठून येते तेच कळत नाही. ते कसे शोधावे?

पाणी जेथे टपकते त्याच्या बरोबर वर छिद्र असते, ही या विषयातील सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. छताला उतार असल्यामुळे आत शिरलेले पाणी ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून किंवा लोखंडी पाइपाच्या खालच्या अंगाने काही फूट वाहत जाते आणि एखादा जोड किंवा स्क्रूचे टोक आडवे आले की तेथे खाली पडते. त्यामुळे शोध टपकण्याच्या जागेपासून उताराच्या वरच्या दिशेने घ्यावा लागतो.

खात्रीची पद्धत नळीची आहे. कोरड्या दिवशी एकाने बाहेरून साध्या धारेने पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन उभे राहावे. सुरुवात सर्वांत खालच्या कडेपासून, म्हणजे पन्हळीपासून करावी. त्यानंतर शीटचे जोड, मग स्क्रूंच्या ओळी आणि अगदी शेवटी भिंतीलगतचा सांधा, असे खालून वर जावे आणि प्रत्येक ठिकाणी किमान दहा मिनिटे पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जोडांवरून वाहते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. पाणी दिसताच आतून त्या जागी मार्करने खूण करून छायाचित्र काढून ठेवावे, कारण कारागीर येईपर्यंत ती जागा वाळलेली असते आणि मग सगळेच अंदाजावर चालते.

ही तपासणी मे महिन्यात, मृगाच्या आधी केलेली सर्वांत चांगली. वळवाची एखादी जोरदार सर आली तर नळीचीही गरज पडत नाही, आणि दुरुस्तीसाठी लागणारा कोरडा पृष्ठभागही तेव्हाच मिळतो.

२. पाऊस नसतानाही छतावरून थेंब पडतात. ही गळतीच का?

बहुधा नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्रा किंवा एकपदरी शीट थंड होते आणि खोलीतील दमट हवेतील बाष्प तिच्या आतल्या बाजूवर साचते, ज्याला आपण छताला घाम फुटला असे म्हणतो. पावसाळ्यात याच बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले तरी असेच होते. पृष्ठभागावर सर्वत्र सारखे बारीक थेंब असतील तर तो घाम, आणि एकाच रेषेत किंवा एकाच जागी ओघळ असेल तर ती गळती, असा ढोबळ फरक करता येतो. घामावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे. भिंतीच्या वरच्या भागात समोरासमोर दोन झरोके ठेवले तरी मोठा फरक पडतो. घामासाठी सांधे भरण्याच्या सिलिकॉनवर खर्च करण्यात अर्थ नाही. एसी असलेल्या खोलीचा प्रकार थोडा निराळा आहे. त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

३. सर्वांत कमी खर्चात काय करून पाहावे?

पन्हळ साफ करावी. हे उत्तर वाचून अनेकांची निराशा होते, परंतु खोलीच्या बाहेरच्या कडेला होणारी गळती पुष्कळदा पन्हळ भरून पाणी उलटे आत येण्यामुळे होत असते. दहा बाय बारा फुटांचे छत म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तासाला ५० मिलिमीटर असा पाऊस आपल्याकडे जुलैत नवीन नाही आणि तेवढ्यात या लहानशा छतावरून तासाला सुमारे ५५० लिटर पाणी पन्हळीत उतरते. तोंडाशी गुलमोहराची पाने आणि कबुतरांची पिसे अडकलेली असतील तर ते बाहेर जाण्याऐवजी मागच्या कडेवरून घरात येते.

सफाईबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात. पन्हळीला उतरणीच्या पाइपाकडे दर तीन मीटरमागे किमान दीड-दोन सेंटिमीटर उतार असावा. तिची बाहेरची कड घराकडील कडेपेक्षा थोडी खाली असावी, म्हणजे ओसंडण्याची वेळ आलीच तर पाणी बाहेर पडेल. पाइपाच्या तोंडावर सपाट जाळी न ठेवता टोपलीसारखी उंच जाळी बसवावी, कारण सपाट जाळीवर एक मोठे पान बसले तरी तोंड बंद होते. येऊर आणि पोखरण रस्त्याच्या बाजूला, जेथे झाडी घराला टेकलेली आहे, तेथे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ही सफाई करणे भाग आहे.

४. दुकानात सिलिकॉनचे बरेच प्रकार मिळतात. कोणते घ्यावे?

न्यूट्रल क्युअर लिहिलेले आणि बाहेरच्या वापरासाठी असलेले घ्यावे. साध्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते, ज्यामुळे पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जाऊ शकतात आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा गंजू लागतो. न्हाणीघरातील टाइल्ससाठी ते ठीक असले तरी या छतासाठी ते घेऊ नये, मग दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी.

प्रकारापेक्षाही महत्त्वाचे आहे ते जुने काढणे. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट चिकटत नाही. आधीचा थर प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून, पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुऊन आणि नीट वाळवूनच नवा भरावा. पॉलिकार्बोनेट पुसण्यासाठी थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन कधीही वापरू नये. तीनशे मिलिलिटरच्या एका नळकांड्यात सहा मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल अशी साधारण आठ मीटर लांबीची रेघ भरता येते, त्यावरून किती माल लागेल याचा हिशोब करावा. कारागिराने दहा फुटांच्या सांध्यासाठी पाच-सहा नळकांडी सांगितली तर तो सांधा भरण्याऐवजी लिंपणार आहे असे समजावे.

एम-सीलसारखी एपॉक्सी पुट्टी किंवा पांढरे सिमेंट हलणाऱ्या सांध्यात चालत नाही. दोन्ही कडक होतात, आणि छत उन्हात पसरले की पहिल्या उन्हाळ्यातच त्यांना भेग पडते.

५. छत भिंतीला जेथे टेकते तेथूनच पाणी येते. दरवर्षी सिमेंट भरतो, तरी पुन्हा गळते. असे का?

कारण तेथे दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र येतात. भिंत जागची हलत नाही. छत मात्र रोज सकाळी पसरते आणि रात्री आकसते. त्यांच्यामध्ये भरलेले सिमेंट एका बाजूने सुटणारच. याशिवाय सांधा वरून कितीही बंद केला तरी भिंतीवरून खाली ओघळणारे पाणी गिलाव्याच्या आतून उतरते आणि भरलेल्या जागेच्या मागून खोलीत येते.

टिकाऊ उपाय फ्लॅशिंगचा, म्हणजे सांध्यावर वाकवलेली पट्टी बसवण्याचा आहे. छतापासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर भिंतीच्या गिलाव्यात आडवी खाच पाडावी, तीत ॲल्युमिनियमच्या किंवा रंगीत पत्र्याच्या वाकवलेल्या पट्टीची वरची कड दोन-अडीच सेंटिमीटर आत बसवावी आणि खाच पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंटने (सांधा भरण्याच्या लवचीक मालाने) भरावी. पट्टीचा खालचा भाग छतावर किमान १५ सेंटिमीटर यावा, परंतु तो छताला घट्ट जखडू नये, म्हणजे छताला हलायला जागा राहते. पट्टी जोडावी लागली तर वरच्या बाजूची पट्टी खालच्या पट्टीवर चढवावी. नुसती पट्टी भिंतीवर स्क्रूने ठोकून वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढण्याचा प्रकार सर्रास चालतो, कारण त्यात खाच पाडण्याची धूळ आणि मेहनत वाचते. तो एखादा पावसाळा काढतो; त्याचे पैसे खाचेच्या कामाइतके देऊ नयेत.

खाच पाडणे शक्य नसेल, उदाहरणार्थ भाड्याचे घर असेल किंवा बाहेरच्या भिंतीला हात लावण्यास सोसायटीची परवानगी नसेल, तर ॲल्युमिनियमचा वरचा थर असलेली ब्युटाइल रबराची चिकटपट्टी हा बऱ्यापैकी पर्याय आहे. भिंतीवरील रंगाचे सुटे पापुद्रे काढून, प्रायमर मारून आणि पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर ती रुळाने दाबून बसवावी. डांबराची पट्टी स्वस्त मिळते, पण उन्हात मऊ होऊन ओघळते आणि पॉलिकार्बोनेटवर डाग पाडते, म्हणून ती फक्त पत्र्यासाठी ठेवावी.

६. स्क्रूच्या भोकातून पाणी येते. स्क्रू आणखी घट्ट केले तर थांबेल का?

उलट वाढेल. स्क्रूखालचा काळा रबरी वॉशर हलका दाबला गेला पाहिजे. तो बाहेर फुगलेला दिसला तर स्क्रू जास्त आवळला आहे आणि वॉशर लवकरच फाटणार आहे. जुने वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेले असतात. ते बदलणे हेच काम, आणि ते सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे. ईपीडीएम रबराचे वॉशर मागावेत. भोक मोठे झाले असेल तर त्याच जागी एक माप जाड स्क्रू बसवावा.

वाशी, ऐरोली, नेरूळ अशा खाडीलगतच्या भागांत खारट हवेने साधे स्क्रू लवकर गंजतात आणि गंजलेल्या डोक्याभोवतीच पाणी शिरते. तेथे गंजरोधक लेप असलेले स्क्रू घेण्याचा थोडासा जास्तीचा खर्च नक्की करावा. नागमोडी पत्र्यावर स्क्रू खळग्यात मारलेले असतील तर प्रत्येक भोकावरून पाणी वाहते. नवे स्क्रू उंचवट्यावर मारून खळग्यातील जुनी भोके ब्युटाइल पट्टीच्या तुकड्याने बंद करावीत.

७. पॉलिकार्बोनेटची शीट दुपारी कडकड वाजते आणि जोड उघडे पडतात. शीट खराब निघाली का?

नाही, ती जखडून बसवली गेली आहे. पॉलिकार्बोनेट तापमानाच्या प्रत्येक अंशामागे दर मीटरला सुमारे ०.०६५ मिलिमीटर पसरते. तीन मीटरची शीट पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर तिची लांबी जवळजवळ ८ मिलिमीटरने वाढते. भोक स्क्रूच्या मापाचेच असेल तर या वाढीला जागा नसते. मग शीट फुगते, आवाज करते आणि शेवटी भोकाजवळ तडकते. स्क्रू काढून भोक दोन-तीन मिलिमीटर मोठे करणे आणि मोठ्या व्यासाचा वॉशर लावून स्क्रू पुन्हा हलकेच बसवणे, एवढ्यावर काम भागते. शीट नवी घेण्याची गरज नसते.

दोन शीट एकमेकींवर चढतात त्या आडव्या जोडाच्या बाहेरच्या कडेला सिलिकॉन फासू नये. त्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. सीलंट किंवा ब्युटाइल पट्टी दोन थरांच्या मध्ये असावी.

८. पॉलिकार्बोनेटच्या पोकळ शीटच्या आत पाणी आणि हिरवे शेवाळ दिसते. हे साफ होते का?

काही प्रमाणात होते. शीट काढून तिच्या नळ्यांतून पाण्याची धार सोडावी, एक-दोन दिवस उभी ठेवून पूर्ण वाळवावी आणि परत बसवताना वरचे टोक ॲल्युमिनियमच्या बंद पट्टीने, तर खालचे टोक हवा जाऊ देणाऱ्या सच्छिद्र पट्टीने झाकावे. खालचे टोक पूर्ण बंद करणे ही नेहमीची चूक आहे. आतील बाष्पाला वाट उरत नाही. नळ्या उताराच्या दिशेनेच असाव्यात. त्या आडव्या बसवलेल्या असतील तर पाणी साचतच राहणार. शीट लावताना अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू, जिच्यावर बहुधा छापील फिल्म असते, ती आकाशाकडे ठेवावी.

९. भर पावसात गळती सुरू झाली तर काय करावे?

प्रथम त्या भागातील दिवे-पंख्यांचा एमसीबी बंद करावा. छतात बसवलेल्या दिव्यातून पाणी येत असेल तर हे काम बादली ठेवण्याच्याही आधीचे आहे.

ओल्या पृष्ठभागावर नेहमीचे सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून ते वाया घालवू नये. जाड ताडपत्री भिंतीकडून पन्हळीच्या पलीकडे जाईल अशी टाकून दोरीने चौकटीला बांधावी. तिच्यावर विटा किंवा कुंड्या ठेवू नयेत. वाऱ्याच्या झोताबरोबर त्या खाली कोणाच्या तरी डोक्यावर पडतात. आतून, ओघळ येतो त्या जागी एक दोरा चिकटवून त्याचे टोक बादलीत सोडले की पाणी दोऱ्यावरून उतरते आणि फरशी कोरडी राहते. पक्की दुरुस्ती दोन-तीन दिवसांची उघडीप मिळेल तेव्हा करावी.

१०. संपूर्ण छतावर वॉटरप्रूफ कोटिंग मारले तर सगळे प्रश्न एकदम सुटतील का?

पत्र्याचे छत असेल तर काही अंशी. गंज ब्रशने खरवडून, प्रायमर मारून आणि जोडांवर जाळीची पट्टी बसवून त्यावर लवचीक ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात दिले तर बारीक छिद्रे बंद होतात. पांढरा रंग घेतल्यास खोली थंडही राहते. परंतु पन्हळ, उतार किंवा भिंतीचा सांधा यांतील दोष कोटिंगने झाकला जात नाही. पॉलिकार्बोनेटवर आणि काचेवर कोटिंग मारू नये. ते नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात, आणि उजेडासाठी केलेल्या छताचा उजेड जातो.

११. छताला उतारच कमी आहे. ते पाडावे लागेल का?

पाडण्याआधी मोजावे. पॉलिकार्बोनेटसाठी किमान पाच अंश, म्हणजे दर मीटरला सुमारे नऊ सेंटिमीटर उतार धरतात. तो नसेल तर फॅब्रिकेटरकडून शीट सोडवून, भिंतीकडील बाजूच्या आडव्या पाइपावर ॲल्युमिनियमचा दुसरा पाइप चढवून उंची वाढवता येते. शीट त्याच राहतात, खर्च मजुरीचा आणि एका पाइपाचा. त्यानंतर भिंतीचा सांधा मात्र नव्याने करावा लागतो (प्रश्न ५).

१२. काचेच्या छताला तडा गेला आहे. त्यात काही भरून चालेल का?

चालणार नाही. तडा गेलेली काच डोक्यावर ठेवू नये. खालची जागा मोकळी करून ती बदलावी. डोक्यावर लॅमिनेटेड काचच हवी, जी फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहते. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच तयार झाल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्यावे. खर्च कमी ठेवायचा असेल तर तेवढ्याच चौकटीत पॉलिकार्बोनेट बसवता येते. दहा मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला २५ किलो असते, तर तेवढ्याच जाडीच्या पोकळ पॉलिकार्बोनेटचे दोन किलोपेक्षाही कमी. चौकटीवरचा भार अर्थातच उतरतो, मात्र इतकी हलकी शीट वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून तिच्या कडा दाबपट्टीखाली नीट धरलेल्या असाव्या लागतात. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर याकडे विशेष लक्ष द्यावे.

१३. दुरुस्तीसाठी स्वतः वर चढावे का? आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर?

पॉलिकार्बोनेट, काच आणि सिमेंटचा पत्रा यांवर कोणीही पाय ठेवू नये. उन्हाने ठिसूळ झालेली शीट वरून धडधाकट दिसते आणि माणसाच्या वजनाने मोडते. काम शिडीवरून किंवा दोन पाइपांवर टेकलेल्या रुंद फळीवरून करावे. इमारतीच्या बाहेरच्या बाजूस काम असेल तर सुरक्षापट्टा वापरणाराच कारागीर बोलवावा, दर थोडा जास्त पडला तरी.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते ब्रशने घासू नयेत, मशीनने कापू नयेत आणि जोराच्या फवाऱ्याने धुऊ नयेत, कारण हवेत उडालेले तंतू फुप्फुसाला घातक आहेत. भेगेवर पट्टी लावण्याइतपत काम पत्रा ओला करून, मास्क लावून होऊ शकते; पत्रा ओला असताना चिकटपट्टी धरत नसल्याने तो वाळल्यावर न घासता ती लावावी.

१४. खर्च कोणी करायचा: मी, सोसायटी की बिल्डर?

छत कोणी बांधले यावर ते अवलंबून आहे. सभासदाने स्वतः घातलेल्या शेडची दुरुस्ती त्याचीच. तिच्यामुळे खालच्या घरात पाणी जात असेल तर तेही त्यालाच निस्तरावे लागते. पाणी इमारतीच्या सामाईक गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे संस्थेच्या खर्चाचे काम आहे. छत बिल्डरने सदनिकेसोबत दिले असेल आणि ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे कामातील दोष कळवल्यापासून ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तक्रार लेखी आणि छायाचित्रांसह द्यावी, आणि तोपर्यंत स्वतः काही उघडू नये.

शेडला महानगरपालिकेची परवानगी आहे की नाही हेही पाहावे. परवानगी नसलेल्या शेडची दुरुस्ती सोसायटीकडे मागताना आपलीच बाजू लंगडी पडते.

१५. सगळे करून झाले, तरी एकाच जागी पाणी येते. आता काय?

अशा वेळी पाणी केव्हा येते याची नोंद ठेवावी. फक्त नैर्ऋत्येकडून झड आली की येत असेल तर छत नव्हे, तर त्या बाजूच्या खिडकीची चौकट किंवा शेडची उघडी बाजू तपासावी. वाऱ्याच्या जोराने पाणी उताराच्या उलटही चढते, आणि तेथे शीटचा जोड वाऱ्याकडे तोंड करून असेल तर तो उलटवून घ्यावा लागतो. पाऊस थांबल्यानंतर काही तासांनी येत असेल तर ते भिंतीत साठून झिरपणारे पाणी आहे आणि छताच्या वरची भिंत, तिच्या भेगा आणि त्यावरील खिडकीचे छज्जे यांकडे पाहावे. एसी चालू असतानाच येत असेल तर तांब्याच्या नळीवरील फोमचे आवरण फाटले आहे का, आणि पाण्याची नळी उलट उताराने गेली आहे का, हे पाहावे. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरच्या पोकळीतील दमट हवा थंड सीलिंगवर घाम धरते आणि तो खाली गळतो. सीलिंगच्या वरच्या बाजूस उष्णतारोधक थर दिला की तो कमी होतो.

येऊरलगतच्या सोसायट्यांतून आणखी एक कारण कळवले जाते ते माकडांचे. ती शेडवर उड्या मारतात तेव्हा शीट तडकली नाही तरी स्क्रू ढिले होतात आणि भिंतीलगतची पट्टी उचकटते. तेथे आधाराच्या पाइपांमधील अंतर कमी करून घेणे आणि पावसाळ्याच्या मध्यावर एकदा सर्व स्क्रू हाताने तपासणे, एवढेच करता येते.